जाहिरातीतील घर आणि नोंदीतील घर

(व्याख्यानाचा मजकूर)

श्रोतेहो, नागपुरातून वर्धा मार्गाने, उमरेड मार्गाने किंवा हिंगण्याच्या दिशेने बाहेर पडणाऱ्या प्रवाशाला रस्त्याच्या दुतर्फा भूखंडविक्रीचे फलक दिसतात. हे दृश्य जुनेच आहे. नवे आहे ते इतकेच की, हे फलक पाहण्यासाठी आता प्रवास करावा लागत नाही. ते भ्रमणध्वनीच्या पडद्यावर घरबसल्या येतात. काटोलचा शेतकरी किंवा कामठीचा शिक्षक एका बैठकीत शंभर भूखंड आणि पन्नास सदनिका पाहू शकतो. चित्र सुबक असते, रस्ते रुंद असतात, झाडे आधीच वाढलेली असतात, आणि चित्राच्या कोपऱ्यात एन. ए., टी. पी., आर. एल. अशी अक्षरे असतात.

ही अक्षरे नागपूरकरांच्या चांगल्या परिचयाची आहेत. पहिली अक्षरे अकृषिक वापराच्या परवानगीची, दुसरी नगररचनेच्या मंजुरीची आणि तिसरी, अभिन्यासाचा विकास झाल्यावर भूखंड मोकळा केल्याच्या पत्राची. अक्षरे छापण्यास काही खर्च येत नाही. परवानगी मिळविण्यास वेळ, पैसा आणि कायद्याचे पालन लागते. या दोहोंतील अंतर ज्याच्या लक्षात येत नाही, त्याची आयुष्यभराची पुंजी त्या अंतरात गडप होण्याचा संभव असतो.

नागपूरने याचा अनुभव पुरेपूर घेतला आहे. शहराच्या नियोजनबद्ध वाढीसाठी 1936 च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आला. तथापि शहर नियोजनापेक्षा वेगाने वाढले. सभोवतालच्या शेतजमिनी विकत घेऊन, त्यांवर चुन्याच्या रेघा मारून भूखंड विकण्यात आले. त्यात अनेक गृहनिर्माण संस्थाही होत्या. पुष्कळ अभिन्यासांना मंजुरी नव्हती. लोकांनी पैसे भरले, घरे बांधली आणि मग रस्ता, गटार व नळ यांसाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली. पुढे असे अभिन्यास नियमित करण्याचे काम हाती घेण्यात आले, तेव्हा 572 आणि 1900 या त्यांच्या संख्याच नागपूरकरांच्या बोलण्यात वस्त्यांच्या नावांसारख्या रूढ झाल्या. राज्याने 2001 मध्ये गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याचा कायदा केला आणि 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला त्याचा लाभ देऊ केला. अशा कायद्यांनी अडलेल्या कुटुंबांना दिलासा मिळाला, हे खरेच. परंतु त्या कुटुंबांना एकाच भूखंडासाठी दोनदा पैसे मोजावे लागले, एकदा विकणाऱ्याला किंमत म्हणून आणि दुसऱ्यांदा नियमितीकरणाचे शुल्क म्हणून. ग्राहकाला दाखविलेला नकाशा आणि शासकीय कार्यालयातील नकाशा यांची कधी गाठच पडली नव्हती, हे या सर्व त्रासाचे मूळ होय.

ही गाठ घालून देण्याचा प्रयत्न कायद्याने पूर्वीही केला होता. महाराष्ट्राच्या 1963 च्या सदनिका मालकीविषयक कायद्याने जमिनीच्या हक्काची पूर्ण व खरी माहिती देण्याचे आणि नकाशे व कागदपत्रे पाहण्यास खुली ठेवण्याचे बंधन बांधकाम करणाऱ्यावर घातले. मात्र ही कागदपत्रे विकणाऱ्याच्याच कपाटात असत. ती पाहायची, तर त्याच्याच दारात जाऊन मागावी लागत. दूर गावचा ग्राहक ती मागण्याचे धाडस क्वचितच करी.

केंद्राच्या 2016 च्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियमाने या कपाटाची किल्ली ग्राहकाच्या हाती दिली. या अधिनियमाची काही कलमे 1 मे 2016 पासून आणि उरलेली 1 मे 2017 पासून अमलात आली. महाराष्ट्रात त्यासाठी स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, म्हणजेच महारेरा, स्थापन झाले. त्याचे विभागीय कार्यालय नागपुरातही आहे. राज्याने 2017 मध्ये केलेल्या नियमांच्या नावातच प्रकल्पांची नोंदणी आणि मध्यस्थांची नोंदणी यांच्या बरोबरीने ‘संकेतस्थळावरील प्रकटन’ हे शब्द आहेत. माहिती कोठे व कशी दिसावी, हा या व्यवस्थेचा गाभाच आहे, हे त्यावरून ध्यानी यावे.

अधिनियमातील जाहिरातीची व्याख्या व्यापक आहे. कोणत्याही माध्यमातून, कोणत्याही स्वरूपात भूखंड, इमारत किंवा सदनिका विक्रीस असल्याचे कळविणे वा त्यासाठी आगाऊ रक्कम मागणे म्हणजे जाहिरात होय. त्यामुळे रस्त्यावरचा फलक, वर्तमानपत्रातील चौकट, संकेतस्थळावरील पान आणि मोबाईलवरील संदेश यांत कायदा भेद करीत नाही. नोंदणीस पात्र असलेल्या प्रकल्पाची नोंदणी झाल्याखेरीज त्याची जाहिरात करता येत नाही, आगाऊ नोंदणी घेता येत नाही आणि विक्रीही करता येत नाही. विकण्यासाठी जमिनीचे भूखंड पाडणे हाही प्रकल्पच होय. नोंदणी टाळणाऱ्या प्रवर्तकास प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो; तरीही तो बधला नाही, तर 3 वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे.

नोंदणी झाल्यावरही जाहिरात मोकाट सुटत नाही. नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता तीत ठळकपणे असला पाहिजे. अनुभव असा आला की, काही जाहिरातींत हा क्रमांक इतक्या बारीक अक्षरांत येई की तो शोधण्यास भिंग लागावे. नियमाचे अक्षर पाळले जाई आणि हेतू मोडला जाई. म्हणून 1 ऑगस्ट 2023 पासून महारेराने जाहिरातीत क्यूआर कोड देणे बंधनकारक केले. मोबाईल त्यासमोर धरताच प्राधिकरणाच्या नोंदीतील प्रकल्पाचे पान उघडते. कोड न देणाऱ्यास 50 हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करण्यात आली. जाहिरातींवर नजर ठेवण्यासाठी ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया’ या संस्थेचे साह्यही घेण्यात आले. पुढे 2025 मध्ये, क्रमांक, पत्ता आणि कोड जाहिरातीच्या वरच्या उजव्या भागात असावेत आणि त्यांची अक्षरे संपर्काच्या तपशिलाच्या अक्षरांहून लहान नसावीत, असेही ठरविण्यात आले.

अक्षरांचा आकार ठरविण्यापर्यंत शासनयंत्रणेने उतरावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर नागपूरच्या जुन्या वस्त्यांनी देऊन ठेवले आहे. विकणाऱ्याने आपल्या मालाची स्तुती करू नये, असे कायदा म्हणत नाही. स्तुतीच्या शेजारी पडताळणीचे दार असावे, आणि ते दार ग्राहकाच्या नजरेस पडावे, एवढाच त्याचा आग्रह आहे.

त्या दारातून आत गेल्यावर काय दिसते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. समजा, निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेला एखादा शिक्षक आपल्या भविष्य निर्वाह निधीतून भूखंड घेऊ इच्छितो. त्याने प्रकल्पाचे पान उघडले, तर प्रवर्तकाचे नाव आणि त्याचे अन्य प्रकल्प दिसतात. मौजा व खसरा क्रमांक ताडून पाहता येतात. कोणत्या परवानग्या मिळाल्या व कोणत्या बाकी आहेत, जमिनीवर बोजा किंवा न्यायालयीन दावा आहे काय, काम कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण करण्याचे वचन आहे, हे कळते. ही माहिती दर तीन महिन्यांनी अद्ययावत करण्याचे बंधन प्रवर्तकावर आहे. ज्या पानावर दीर्घकाळ नवी नोंद नाही, ते पान काही न बोलताही पुष्कळ सांगून जाते. सदनिका असेल, तर तिचे चटई क्षेत्र पाहावे. पूर्वी जिना आणि भिंती मिळवून फुगविलेल्या क्षेत्रफळावर भाव सांगितला जाई. आता चटई क्षेत्राची व्याख्या अधिनियमातच आहे.

जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून कोणी रक्कम भरली आणि त्याचे नुकसान झाले, तर त्याला भरपाई मागता येते. त्याने प्रकल्पातून बाहेर पडण्याचे ठरविले, तर भरलेली सर्व रक्कम व्याजासह परत मिळण्याचा हक्क त्याला आहे. म्हणून ज्या जाहिरातीवरून व्यवहार केला, तिची प्रत जपून ठेवणे शहाणपणाचे होय. तसेच विक्रीचा करार लेखी होऊन त्याची नोंदणी झाल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम प्रवर्तकाला घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

या व्यवस्थेच्या मर्यादाही प्रांजळपणे सांगितल्या पाहिजेत. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा 8 सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही. एखाद्याने आपले जुने घर विकावयास काढले, तर तेथेही क्रमांक मागता येणार नाही. अशा व्यवहारांत खरेदीदारालाच अधिक सावध राहावे लागते. महाभूलेखवर विनामूल्य दिसणारा सातबारा केवळ पाहण्यासाठी असतो. व्यवहारासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा आणि हक्काचा शोध वकिलाकडून करवून घ्यावा. नोंदणी क्रमांक म्हणजे जमिनीच्या मालकीची हमी आहे, असे समजणे ही तर मोठीच चूक ठरेल.

ही चूक किती महाग पडते, हे कल्याण-डोंबिवलीने दाखवून दिले. तेथील 65 इमारतींनी बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळविल्याचे 2022 मध्ये उजेडात आले. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्यांत राहणाऱ्या कुटुंबांनी क्रमांक पाहिला होता, कर्जे काढली होती, संसार थाटले होते. क्रमांक खरा होता. त्याच्या पाठीमागचा कागद खोटा होता. या प्रकरणानंतर, स्थानिक संस्थेने दिलेली परवानगी खरी आहे काय, याची त्या संस्थेकडून खात्री करून घेण्याची पद्धत प्राधिकरणाने सुरू केली.

या घटनेतून निघणारा बोध ग्राहकाइतकाच लोकसेवकांसाठी आहे. पडद्यावर दिसणारी माहिती तिच्या मागच्या नोंदीइतकीच खरी असते, आणि ती नोंद मुंबईत जन्म घेत नाही. ती तहसील कार्यालयात, नगररचनेच्या शाखेत, पटवाऱ्याच्या, म्हणजे आजच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या दप्तरात आणि ग्रामपंचायतीच्या टेबलावर जन्म घेते. नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत 719 गावे आहेत. या गावांत नियोजनाचा अधिकार त्या प्राधिकरणाचा आहे. ग्रामपंचायतीचे नाहरकत पत्र हे अभिन्यासाच्या मंजुरीची जागा घेऊ शकत नाही. तथापि असे पत्र जाहिरातीत मंजुरी म्हणून मिरविले गेले, तर फसणाऱ्या माणसाच्या लेखी त्यावरील सही सरपंचाचीच असते. सही करण्यापूर्वी क्षणभर थांबणाऱ्या सरपंचाच्या हातून एखादे घर वाचू शकते.

ग्रामपंचायतीला आणखीही एक गोष्ट सहज करता येण्यासारखी आहे. गावाच्या शिवारात कोणकोणत्या खसरा क्रमांकांवर मंजूर अभिन्यास आहेत, याची यादी नियोजन प्राधिकरणाकडून मागवून ती आपल्या सूचनाफलकावर लावावी आणि ग्रामसभेत वाचून दाखवावी. त्यासाठी नव्या निधीची आवश्यकता नाही. त्याचप्रमाणे शिक्षकांनी वरच्या वर्गांत एखादे दिवशी एक जाहिरात आणि तिच्या प्रकल्पाची नोंद शेजारी शेजारी ठेवून मुलांकडून वाचून घ्यावी. क्यूआर कोड पैसे देण्यासाठी असतो, हे आज लहान मुलालाही ठाऊक आहे. पैसे देण्यापूर्वी थांबण्यासाठीही तो असतो, हे त्याला कळले, तर तेच मूल घरी जाऊन आईवडिलांना ते दाखवील.

महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या प्रकल्पांची संख्या 2025 मध्ये 50 हजारांच्या वर गेली. एवढ्या प्रकल्पांची पाने आज कोणालाही, कोणत्याही गावातून, विनामूल्य उघडता येतात. 1963 च्या ग्राहकाला ज्या कागदासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागे, तो कागद आज त्याच्या तळहातावर आहे. मात्र पान उघडण्याची सक्ती कोणताही कायदा करू शकत नाही. ते काम शेवटी खरेदीदारानेच करावयाचे असते, आणि ज्याला ते जमत नाही, त्याच्या शेजारी बसून ते करून देणारे कोणीतरी गावात असावे लागते. मंडळींनो, बहुतेक गावांत लोक त्यासाठी ज्यांच्याकडे येतात, ते आपणच आहात.