मळी आपली, वाटा कुणाचा?





निष्क्रिय यीस्टवरच्या या परिषदेसाठी आपण छत्रपती संभाजीनगरातच जमलो, हे योग्यच झालं. इथल्या बिअर कारखान्यांत आंबवण संपली की टाकीच्या तळाशी यीस्टचा दाट गाळ उरतो. त्यात ८५ ते ९० टक्के पाणी. मराठवाड्याच्या उन्हात तो बघता बघता नासतो. पण वेळीच उष्णता देऊन पेशी मारल्या, कडवटपणा धुऊन काढला आणि तापलेल्या ड्रमवर वाळवलं, तर निष्क्रिय यीस्टची जी भुकटी मिळते तिच्यात निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात, शिवाय ब गटातली जीवनसत्त्वं. कोंबड्यांना आणि कोळंबीला ती चालते. नीट शुद्ध केली तर माणसालाही.

आता यीस्टच्या बाजाराकडे पाहू. फ्रान्सची लेसाफ्र ही यीस्ट कंपनी १८५३ पासूनची. चीनची एंजेल १९८६ मध्ये यिचांगला सुरू झाली आणि पुढे चीनमधल्याच ऊस पिकवणाऱ्या ग्वांग्शीत, इजिप्तमध्ये बेनी सुएफला, रशियात लिपेत्स्कला कारखाने घेऊन गेली. हे यीस्ट साखर कारखान्यांतल्या मळीवर वाढतं. मळी आपल्याकडेही आहे, पण ती इथेनॉलकडे जाते, आणि साखर कारखान्यांना ते परवडतं हेही मला मान्य आहे. म्हणूनच माझं आग्रहाचं म्हणणं असं, की बाजारातला आपला वाटा आधी बिअरच्या त्या गाळात शोधावा. त्यासाठी मळीचा एक थेंबही जास्तीचा लागत नाही. लागतं ते वाळवण्याचं यंत्र, तेही बिअर कारखान्याच्या शेजारी, कारण पाणी वाहून नेण्यातच सगळा नफा संपतो.

एक विनंती. बाजारातल्या वाट्याचे आकडे सांगताना आपण फार ढिलाई करतो. सीमाशुल्काच्या वर्गवारीत जिवंत यीस्ट २१०२१० मध्ये, तर निष्क्रिय यीस्ट २१०२२० मध्ये येतं, आणि तिथंही इतर मृत एकपेशीय जीव त्याच्या सोबतीला असतात. यीस्टचा अर्क तर २१०६ खाली मोजला जातो. हे सगळं एकत्र करून काढलेल्या टक्केवारीवर कुणी कारखाना उभारू नये, बँकेनंही कर्ज देऊ नये. दुपारच्या सत्रात प्रत्येकानं आपलं उत्पादन कोरड्या वजनात आणि जिवंत, निष्क्रिय, अर्क असं वेगवेगळं मांडावं. फळ्यावर तीन रकाने आखून ठेवले आहेत.