सापडलेला ग्रंथ आणि परीक्षकाचे कर्तव्य
(वाचक मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



एखादा लुप्त ग्रंथ सापडला की आपला ऊर अभिमानाने भरून येतो. ते स्वाभाविकच आहे. परंतु परीक्षणाचा आरंभ अभिमानाने नव्हे, पडताळणीने व्हावा.

तंजावरकडील एका पंडिताने म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाला दिलेल्या पोथीत शामशास्त्रींना कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ गवसले. १९०९ मध्ये ते छापले गेले आणि भारतीयांपाशी राज्यशास्त्र नव्हते, हा समज ढळला. तरीही त्याच्या काळाविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत. गणपतिशास्त्रींनी १९१२ पासून त्रावणकोरात तेरा नाटके प्रसिद्ध केली. पोथ्यांत कर्त्याचे नाव नव्हते. भासाचे कर्तृत्व त्यांनी अनुमानाने मांडले. तो वाद अद्याप मिटलेला नाही.

आपल्या वरसईच्या गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ घ्या. १८५७ च्या धामधुमीत झाशी पाहिलेल्या या भिक्षुकाची हकीकत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये फेरफार करून छापली. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. मधली ५९ वर्षे वाचकांनी संपादकाच्या हातून गेलेले गोडसेच वाचले!

म्हणून राजनीती असो, नाटक असो वा प्रवासवर्णन, परीक्षकाने तीन प्रश्न विचारावेत : पोथी कोठे सापडली? कर्ता कशावरून ठरला? संपादकाने काय बदलले? सत्याच्या कसोटीला उतरलेला अभिमानच टिकतो.

आणि एक विनंती. घरातील जुन्या पोथ्या नदीत सोडू नका. आधी जाणकाराला दाखवा.