आठ जणांची एक मोटार



आमच्या महिला मंडळाकडे मोठी पातेली, पराती, झारे असा संच आहे. बारसं असो की पूजा, वहीत नाव लिहून न्यायचं, थोडं भाडं द्यायचं आणि घासून-पुसून वेळेवर परत आणायचं. शंभर माणसांच्या भाताचं पातेलं घरोघरी कशाला हवं? एकदा वापरून वर्षभर माळ्यावर पडणार.

मोटारीच्या बाबतीत हाच विचार करणाऱ्या माणसांची गोष्ट आज सांगते. ती आहे युरोपातल्या स्वित्झर्लंडमधली.

तिथल्या झुरिक शहरात १९४८ सालीच सामायिक मोटारीची संस्था निघाली होती. तेव्हा स्वतःची मोटार घेणं सामान्य माणसाला परवडत नव्हतं. पुढे घरोघरी मोटारी आल्या. मग गाडी उभी करायला जागा मिळेना, आणि विमा, दुरुस्तीचा खर्च मात्र गाडी दारात उभी असली तरी चालूच. तेव्हा १९८७ साली ल्युसर्नजवळच्या श्टान्स या लहानशा गावात आठ जणांनी सहकारी संस्था काढली आणि एका मोटारीवर काम सुरू केलं. त्याच वर्षी झुरिकमध्येही ‘शेअरकॉम’ नावाची अशीच संस्था निघाली.

हिशेब सोपा. गाडी किती तास नेली आणि किती किलोमीटर चालवली, तेवढेच पैसे. इंधन त्यातच आलं. यातून एक गोष्ट घडते. स्वतःच्या गाडीवर पैसे आधीच खर्च झालेले असतात, म्हणून कोपऱ्यावर जायलाही आपण तीच काढतो. प्रत्येक फेरीचे पैसे मोजावे लागले, की माणूस विचार करतो, आज सायकलनं जाऊ, रेल्वेनं जाऊ, की खरंच मोटार हवी?

आठ जण होते तोवर ओळखीवर भागत होतं. माणसं वाढली, तशी ओळख पुरेना. मोटारीजवळच्या कुलूपबंद पेटीत किल्ली ठेवायची, फोनवर वेळ नोंदवायची, फेरी झाली की वहीत लिहायचं, अशी पद्धत होती. कुणी अर्धा तास उशीर केला, तर पुढचा माणूस ताटकळत उभा. म्हणून नियम कडक झाले.

१९९७ साली या दोन्ही संस्था वेगवेगळी चूल मोडून एकत्र आल्या. नाव ठेवलं ‘मोबिलिटी’. पुढे किल्लीच्या पेटीऐवजी सभासदाचं कार्ड आणि गाडीतला संगणक आला. रेल्वेशी सहकार्य झालं, स्थानकांवर लाल मोटारी उभ्या राहिल्या. लांबचा प्रवास रेल्वेनं करायचा आणि शेवटचा टप्पा मोटारीनं. आज देशभर सुमारे ३,००० गाड्या आहेत आणि ग्राहक २ लाखांवर गेले आहेत.

वाढीची किंमतही मोजावी लागली. आज गाडी नेणारे सगळेच भागधारक नाहीत, आणि आपल्या आधी गाडी कुणी नेली तेही ठाऊक नसतं. पण संस्था अजून सहकारीच आहे. तिथल्या सहकारी कायद्यानुसार भाग कितीही घेतले, तरी मत एकच. आपल्या दूध संस्थेतही तसंच असतं, नाही का?

मैत्रिणींनो, आपल्या बचत गटातही सामायिक वस्तू घ्यायचा विषय निघतो. मळणी यंत्र घ्यावं, पिठाची चक्की घ्यावी. मग पहिलं भांडण होतं ते वस्तूवरून नाही, ‘तिनं उशिरा दिली, तिनं बिघडवली’ यावरून. म्हणून माझं सांगणं एवढंच. वस्तू घेण्याआधी वही घाला. कोण कधी नेणार, बिघडली तर खर्च कुणाचा, उशीर झाला तर दंड किती, हे सगळ्यांनी बसून ठरवा आणि लिहून ठेवा. मग पैसे गोळा करा.