शेत आणि रक्ततपासणी यांच्या मधले संशोधन



शाश्वत अन्नव्यवस्था म्हणजे जमीन, पाणी आणि बियाणे यांचा ठेवा न खंगवता आजच्या आणि पुढच्या पिढ्यांना पोषक अन्न पुरवणारी व्यवस्था. ती आणि सार्वजनिक आरोग्य हा मुळात एकच प्रश्न आहे, हे परिषदांच्या व्यासपीठांवर सर्वमान्य असले तरी विद्यापीठांच्या रचनेत या दोहोंची गाठ क्वचितच पडते. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांचे लक्ष प्रामुख्याने हेक्टरी उत्पादनावर, तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे वैद्यकीय शिक्षणावर असते. धान्याचे पीठ होऊन ते ताटात येईपर्यंतचा टप्पा ज्या गृहविज्ञान शाखेकडे येतो, तिला दोन्हीकडे दुय्यम मानण्याची रीत पडली आहे.

या विभागणीला छेद देणारे एक उदाहरण बाजरीचे आहे. इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून विकसित झालेले ‘धनशक्ती’ हे जैवसंपृक्त वाण, म्हणजे पैदाशीच्याच मार्गाने दाण्यातील लोह वाढवलेले वाण, २०१२ मध्ये महाराष्ट्रात लागवडीसाठी आले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी मुंबईच्या श्रीमती ना. दा. ठाकरसी महिला विद्यापीठातील पोषणतज्ज्ञांच्या साथीने महाराष्ट्रातील १२ ते १६ वयाच्या २४६ शाळकरी मुलामुलींवर लोहसमृद्ध बाजरीचा जो प्रयोग केला, त्यात एका गटाला अशा बाजरीची आणि दुसऱ्याला साध्या बाजरीची भाकरी दोन्ही वेळच्या जेवणात देण्यात आली. चार महिन्यांनंतर पहिल्या गटाच्या रक्तातील फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहसाठ्याचा निर्देशक असलेले प्रथिन, अधिक वाढलेले आढळले. ज्यांच्यात आरंभी लोहाची कमतरता होती, त्यांच्यात सहा महिन्यांत ती भरून निघण्याची शक्यता पहिल्या गटात १.६४ पट होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत, हे लक्षात घेता या निष्कर्षाचे मोल कमी लेखता येत नाही.

पाण्याच्या बाजूनेही पुरावा आहे. कोलंबिया विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार भारतात भाताची जागा मका, ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांपैकी स्थानिक परिस्थितीला सोयीच्या पिकाने घेतली, तर सिंचनाची गरज ३३ टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि धान्यातून मिळणारे लोह २७ टक्क्यांनी वाढू शकते. हा हिशेब कागदावरचा आहे, हे मात्र विसरता कामा नये. शिवाय ज्वारीसारख्या पिकाचे मोल केवळ दाण्यावर ठरवणे हे दुष्काळी पट्ट्यातील शेतकऱ्याला हास्यास्पद वाटेल, कारण त्याच्या लेखी कडब्याचा भाव दाण्याच्या भावाइतकाच निर्णायक असतो.

खरी अडचण पुढेच आहे. बाजरीच्या दाण्यात स्निग्धांश सुमारे पाच टक्के असून तो मुख्यतः अंकुरात असतो. दळताना अंकुर चिरडला गेला की लायपेज हे विकर, म्हणजे जैवरासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, त्या स्निग्धांशाचे विघटन करू लागते आणि पीठ लवकरच कडू होते. म्हणूनच घरोघरी बाजरी थोडी थोडी दळून आणली जाते. गव्हाच्या पिठाप्रमाणे तिचे पीठ पिशवीबंद करून दुकानात फार काळ ठेवता येत नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये भरड धान्य किलोला एक रुपया दराने देऊ केले, तरी रेशनच्या दुकानात गहू-तांदळाचीच सवय पक्की राहिली, त्यामागे खरेदीव्यवस्थेच्या दोषांबरोबर घरातील दळण-थापणाचा हा प्रश्नही असावा. दाण्यातील फायटेट हे संयुग लोहाला धरून ठेवते आणि ते शरीरात शोषले जाऊ देत नाही, ही बाबही अशीच स्वयंपाकघरात सुटणारी आहे: धान्य भिजवून मोड आणल्यास फायटेट घटते, जेवणात लिंबू असल्यास शोषण सुधारते, आणि जेवणालगतचा चहा ते कमी करतो.

या परिषदेने विद्यापीठांपुढे ठेवावा असा प्रस्ताव त्यामुळे मर्यादित आहे. पुढील संयुक्त प्रयोगात वाणनिवड, पिठाचा टिकाऊपणा आणि रक्ततपासणी यांचे आराखडे एकाच वेळी आखले जावेत. पीठ संशोधकांनी पुरवण्याऐवजी गावच्या गिरणीतून यावे. आणि भाकरी थापण्यात घरातील स्त्रीचा किती वेळ जातो याची नोंद फेरिटिनच्या आकड्याइतक्याच काटेकोरपणे ठेवली जावी, कारण तो वेळ परवडला नाही तर वाण कितीही लोहसमृद्ध असले तरी ताटात चपातीच येते.