उल्लोळ : एका इंग्रजी शब्दाचा पोफळीतला अर्थ

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी इंग्रजी शिकवतो, म्हणून आज एकाच शब्दावर बोलणार आहे : ‘सर्ज’. मुलं याचा अर्थ ‘वाढणे’ असा पाठ करतात. तो अपुरा आहे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘वर उठणे’. फी दरवर्षी थोडी वाढते, ते ‘सर्ज’ नव्हे. दार उघडताच गर्दी लोटते, अचानक विजेचा दाब उसळतो, मनात राग उफाळतो, तिथे ‘सर्ज’. त्यात जोर हवा, अचानकपणा हवा. आणि बहुधा ती उसळी ओसरतेही.

हा अर्थ आपल्या गावात खडकात कोरलेला आहे. 1962 साली पोफळीच्या भूमिगत वीजगृहातला पहिला संच सुरू झाला. शिवाजीसागराचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून अधिजल बोगद्याने येतं. संच एकदम बंद पडला, तर बोगद्यातलं एवढं धावतं पाणी जागच्या जागी थांबेल कसं? त्याचा धक्का बोगद्याला फोडू शकतो. म्हणून वाटेत उभी विहीर ठेवली आहे. पाणी तिच्यात उसळतं, खाली येतं, पुन्हा चढतं आणि हळूहळू निवतं. उलट, संच सुरू होताना लागणारं पाणी हीच विहीर आधी पुरवते. इंग्रजीत ती ‘सर्ज वेल’, आपल्या प्रकल्पाच्या मराठीत ‘उल्लोळ विहीर’. उल्लोळ म्हणजे मोठी लाट. ‘कल्लोळ’ आपण रोज म्हणतो, त्याचाच हा भाऊ.

भाषांतर करणाऱ्याने इथे ‘वाढ विहीर’ म्हटलं असतं तर काय कळलं असतं? ज्याने ‘उल्लोळ’ निवडला, त्याला पाण्याची चाल ठाऊक होती आणि मराठीही.

अधिजल, अवजल, उल्लोळ हे शब्द आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांच्या तोंडी होते. ती पिढी निवृत्त होऊन गावोगाव पांगली. तिच्यासोबत हे शब्दही जातील. म्हणून माझी विनंती : प्रत्येकाने घरच्या मोठ्यांना विचारून असे पाच-दहा शब्द अर्थासह लिहून आणावेत. त्यांची एक वही शाळेच्या वाचनालयात राहू द्या.

आणि मुलांनो, इंग्रजी शब्द अडला की शब्दकोश जरूर उघडा. पण तो शब्द घरी कोणी वापरतं का, हेही विचारा.