थैली गावाची, दोरी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सार्वजनिक आरोग्याचा विषय निघाला की आपला ठराव ठरलेला असतो : सरकारने खर्च वाढवावा. मागणी रास्तच आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. २०२१-२२ साली, म्हणजे कोविडची झळ ताजी असताना, केंद्र व राज्ये मिळून हा खर्च १.८४ टक्के होता, असे सरकारचेच राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. त्याच वर्षी देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी स्वतःच्या खिशातून भरली. आजारपणापायी कर्जबाजारी झालेले घर आपल्यापैकी कोणी पाहिले नाही?

परंतु आज मला दुसऱ्या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधायचे आहे. गावाच्या आरोग्यासाठी जो पैसा येतो, तो कशावर खर्च करावा हे कोण ठरवतो, आणि त्याचा हिशेब कोणाला दिला जातो? अनुदाने सशर्त असतात किंवा बिनशर्त असतात, एवढे मी वर्गात अनेक वर्षे शिकवले. पाठ्यपुस्तकातला धडा तिथे संपतो. गावातला प्रश्न मात्र तिथेच सुरू होतो.

प्रथम आपल्याच घरातले उदाहरण घेऊ. १९७७ साली जनता सरकारात आरोग्यखाते समाजवादी चळवळीतून आलेल्या राजनारायण यांच्याकडे होते. त्या वर्षी २ ऑक्टोबरला एक योजना सुरू झाली. दर हजार वस्तीमागे गावातलाच एक आरोग्यरक्षक निवडायचा, त्याला तीन महिने शिक्षण द्यायचे, आणि पुढे दरमहा ५० रुपये मानधन व काही औषधे पुरवायची. कल्पना उत्तम होती. लोकांचे आरोग्य लोकांच्या हाती, हीच तिची घोषणा होती. मग ती का कोमेजली? निवड गावाने करायची होती. पुष्कळ ठिकाणी ती गावातल्या वजनदार मंडळींनी केली. निवडले गेले ते बहुतांशी पुरुष, आणि आयाबायांचे दुखणे त्यांच्यापर्यंत पोचेना. मानधन वरून येत असल्याने रक्षकाचे तोंडही वरच वळले. निवडीनंतर गावाच्या हाती काहीच उरले नाही. ह्या अपयशाची चिकित्सा इतरांपेक्षा आपण अधिक कठोरपणे करायला हवी होती. ती आपण केली नाही.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्याबरोबर ‘आशा’ आल्या. ह्या वेळी बाईच निवडली गेली, ही मोठी सुधारणा होय. महाराष्ट्रात आज सुमारे ७० हजार आशा आहेत. बाळंतिणीला दवाखान्यात नेण्यापासून कोविडच्या काळात दारोदार फिरण्यापर्यंत सारे काम त्यांनी केले. शासनदरबारी मात्र त्या ‘स्वयंसेविका’च आहेत. त्यांच्या मिळकतीचा मोठा भाग कामागणिक मिळणाऱ्या मोबदल्याचा असतो. जून २०२१ मध्ये त्यांनी संप केला, २०२३ च्या ऑक्टोबरात पुन्हा केला. मान्य झालेल्या वाढीचा आदेश निघेना, म्हणून २०२४ च्या आरंभी त्या आझाद मैदानावर येऊन बसल्या. तेव्हा कुठे मार्चमध्ये राज्याच्या तिजोरीतून दरमहा ५ हजार रुपयांची वाढ देणारा आदेश निघाला. दिलेला शब्द कागदावर यावा म्हणून बायकांना घरदार सोडून मुंबईत बसावे लागते, हा ज्या राज्याचा व्यवहार आहे, त्याने लोकसहभागाची भाषा जरा बेतानेच बोलावी.

कामागणिक मोबदल्याचे अर्थशास्त्रही समजून घ्या. ज्या कामाला दर लावला आहे ते मोजले जाते, आणि जे मोजले जाते तेच होते. दर ठरतात दिल्लीत आणि मुंबईत. एखाद्या वाडीचा खरा प्रश्न विहिरीच्या गढूळ पाण्याचा असेल, दुसरीकडे सर्पदंशाचा असेल, तिसरीकडे दारूचा असेल. ह्या कामांचा रकाना दरपत्रकात नसेल, तर ते काम आशाने करायचे ते आपल्या पदरच्या वेळेतून. गाव जे मागते आणि अनुदान जे विकत घेते, त्यांतले हे अंतर आहे.

ह्याच अभियानात एक निर्णय मात्र खरोखर चांगला होता. दीड हजारापर्यंत वस्तीच्या प्रत्येक गावाला वर्षाला कमाल १० हजार रुपयांचा अबंधित निधी, आणि तो कशावर खर्चायचा ते गावाच्या आरोग्य समितीने ठरवायचे! पण आकडेमोड करून पाहा. दीड हजार वस्तीच्या गावात हे माणशी वर्षाला पावणेसात रुपयेही होत नाहीत. शिवाय २००५ साली दहा हजारांत जे येत असे, त्याच्या एक तृतीयांशही आज येणार नाही. आणि आपल्या गावाच्या समितीत कोण आहे, गेल्या वर्षी किती रक्कम आली, कशावर गेली, हे ह्या सभागृहातले किती कार्यकर्ते सांगू शकतील? मी हात वर करायला सांगत नाही.

मोठ्या रकमांचीही गोष्ट अशीच. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ ह्या पाच वर्षांसाठी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्यासाठी ७०,०५१ कोटी रुपयांच्या अनुदानाची शिफारस केली. एवढी रक्कम पंचायतींच्या नावे प्रथमच आली. परंतु उपकेंद्रांच्या इमारती, तपासण्यांच्या सोयी, तालुका आरोग्य घटक, असे खर्चाचे शीर्षक आधीच ठरलेले होते. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य हा पंचायतींचा विषय म्हणून नोंदलेला आहे. प्रत्यक्षात थैलीवर नाव गावाचे आहे आणि दोरी मात्र वर आहे. डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची मांडणी करताना सरकारी खर्चाचा एक चतुर्थांश भाग गाव, शहर व जिल्हा पंचायतींमार्फत व्हावा असे म्हटले होते, ते उगाच नव्हे.

कोणी म्हणेल, गावाच्या हाती पैसा दिला तर गावातले धनदांडगे तो गिळतील. ही भीती निराधार नाही. १९७७ चा अनुभव मी नुकताच सांगितला. पण उलट अनुभवही ह्याच महाराष्ट्रातला आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले तेव्हा त्यांनी गावाला आधी विचारले. गावांनी दुष्काळात दवाखान्याआधी पाणी आणि अन्न मागितले. काम तिथून सुरू झाले. पुढे गावांनी निवडलेल्या, बहुधा निरक्षर, अनेक दलित समाजातल्या बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या, आणि ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते त्यांच्या हातून बाळंतपणे होऊ लागली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळांची घरच्या घरी देखभाल शिकवली. तिथे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांचे संशोधन १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून ही पद्धत आशांमार्फत देशभर नेण्यात आली. सरकारने घरभेटींची संख्या उचलली, तक्ता उचलला, दर बाळामागे २५० रुपये ठरवले. गावाशी असलेले उत्तरदायित्व मात्र तक्त्यात बसले नाही.

आणखी एक सावधगिरी. जामखेडचे नाव घेऊन सरकारने बायकांना फुकट राबवू नये, आणि स्वयंसेवी संस्थांचे कौतुक करून स्वतःची जबाबदारी झटकू नये. संस्थेचा प्रकल्प देणगीच्या मुदतीइतका जगतो. रोग मुदत पाहून येत नाहीत.

लोकाधारित देखरेखीचेही पाहा. २००७ साली अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे व ठाणे ह्या पाच जिल्ह्यांत तिचा आरंभ झाला. जनसुनवाईत गावकरी डॉक्टरांना आणि अधिकाऱ्यांना उभे करून जाब विचारू लागले. हे लहान काम नव्हे. परंतु ज्या यंत्रणेवर देखरेख करायची, देखरेखीचा पैसाही तिच्याच हातून येणार. तपासनिसाचा पगार तपासल्या जाणाऱ्याने द्यावा, असा हा प्रकार आहे.

तेव्हा आपल्या मागण्या तीन असाव्यात. आशांना मोबदला नको, वेतन हवे. आणि ते कायम स्वरूपी तिजोरीतून हवे. गावाचा अबंधित आरोग्यनिधी लोकसंख्येशी आणि किंमतवाढीशी बांधला जावा. देखरेखीचा निधी आरोग्यखात्याकडे न ठेवता विधिमंडळाला जबाबदार असलेल्या स्वतंत्र मंडळाकडे द्यावा.

ह्या मागण्यांसाठी मोर्चे निघतील, निघायलाच हवेत. पण फावडे, मतपेटी आणि तुरुंग ही आपली तीन साधने आहेत असे आपण म्हणत आलो, आणि त्यांतले फावडे आपण बरेच दिवस कोपऱ्यात ठेवले आहे. म्हणून प्रत्येकाने एक काम अंगावर घ्यावे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ह्या दिवशी ग्रामसभा होतात. येत्या ग्रामसभेत उठून आरोग्य समितीचा हिशेब मागा. मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. मिळाला तर तो फळ्यावर लिहून चावडीपाशी लावा, आणि आशाताईंना सर्वांसमक्ष विचारा, पुढल्या वर्षीचे पैसे कशावर खर्चावेत.

रक्कम दहा हजारांचीच आहे, हे खरे. पण दहा हजारांचा हिशेब ज्या गावाला मागता येत नाही, त्याला सत्तर हजार कोटींचा कोण देईल?