दोन सह्यांचा कारभार
(मंडळाच्या बागबाजार येथील सभेत केलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर आणि पेशाने केंद्र सरकारचा सेवक. विज्ञानावर अधिकारवाणीने बोलणे माझे काम नव्हे. परंतु आजचा विषय आपल्या स्वयंपाकघरापाशी आणि पाळण्यापाशी येऊन पोहोचतो, म्हणून हे धाडस करीत आहे.

आपल्या गळ्यात पुढील बाजूस अवटू, म्हणजेच थायरॉइड, ही लहानशी ग्रंथी असते. अन्नातील आयोडीन घेऊन ती संप्रेरक तयार करते. हे संप्रेरक रक्तावाटे पेशीत शिरते आणि थेट पेशीकेंद्रात जाते. तेथे जनुकावर बसलेले एक प्रथिन त्याची वाट पाहत असते. त्याला ‘ग्राही’ म्हणतात. कोणते जनुक जागे करावयाचे आणि कोणते निजवून ठेवावयाचे, हे या ग्राहीच्या हाती असते.

मात्र हा ग्राही बहुधा एकट्याने कारभार करीत नाही. एखाद्या संस्थेचा धनादेश जसा दोघांच्या सह्यांवाचून वटत नाही, तसाच हा प्रकार. दुसरी सही करणारे प्रथिन १९९० साली अमेरिकेत रोनाल्ड एव्हान्स यांच्या प्रयोगशाळेत सापडले. त्याचे संक्षिप्त नाव ‘आरएक्सआर’. नवल असे, की हाच सहकारी ‘ड’ जीवनसत्त्वाच्या आणि ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या आम्लाच्या ग्राहींशीही जोडी जमवितो. मग कोणत्या जनुकावर कोणती जोडी बसावी, हे कसे ठरते? त्याचे उत्तर १९९१ साली मिळाले. जनुकाजवळ सहा अक्षरांचा एकच शब्द दोनदा लिहिलेला असतो. मध्ये ३ अक्षरांचे अंतर असेल तर ‘ड’ जीवनसत्त्वाची जोडी, ४ असेल तर अवटूची आणि ५ असेल तर ‘अ’ जीवनसत्त्वाची, असा साधारण नियम आहे. एका अक्षराच्या फरकाने खाते बदलते!

परंतु मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट निराळीच आहे. संप्रेरक आले नाही, तर ही जोडी स्वस्थ बसत नाही. ती रोखणारी प्रथिने बोलावून जनुकाचे काम अडवून धरते. संप्रेरक येताच तीच जोडी त्यांना निरोप देते आणि चालना देणाऱ्या प्रथिनांना पाचारण करते. उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले, की संप्रेरक नसलेल्यांची दुर्दशा ही ग्राहीच नसलेल्यांहून अधिक होते. रिकामी खुर्ची एक वेळ परवडते. हुकमाची वाट पाहत कागद अडवून बसलेला अधिकारी परवडत नाही. सरकारी सेवकाला हे समजावून सांगावे लागत नाही!

गर्भावस्थेत आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बालकाच्या मेंदूची घडण होत असते. त्या काळात ही जनुके अडून राहिली, तर पुढे औषध देऊनही ते नुकसान पुरते भरून येत नाही.

या बाबतीत आपल्या देशाने एक वस्तुपाठ घालून दिला आहे. १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयाच्या कुशीतील कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग आरंभिला. तेथील गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. बंगालचे दार्जिलिंग आणि जलपायगुडी हे जिल्हे हिमालयाच्या याच पट्ट्यात येतात.

आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी, की गंगाकाठी राहून मासे खाऊ लागलो, आता आयोडीनची चिंता नाही. पण रुई, कातला हे गोड्या पाण्यातले मासे. समुद्रातील माशांच्या मानाने त्यांत आयोडीन फारच थोडे. उपवासाच्या सैंधवातही सहसा आयोडीनची भर घातलेली नसते. म्हणून रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच असावे आणि ते झाकणाच्या बरणीत ठेवावे.

लेकीसुनांना दिवस गेले, की पहिल्याच भेटीत डॉक्टरांना अवटूच्या रक्ततपासणीविषयी विचारावे. बाळ जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत टाचेतून थेंबभर रक्त घेऊन होणारी तपासणी आग्रहाने मागून घ्यावी. आपण माहेर-सासरपासून दूर. बाळाकडे पाहून चार शब्द सांगणारी आजी प्रत्येक घरी नाही. पण जन्मजात उणीव असलेले बाळही आरंभी बहुधा निरोगीच दिसते. आजीच्या अनुभवी डोळ्यालाही ती उणीव दिसत नाही. रक्ताचा थेंब मात्र ती सांगतो. पहिल्या दोन आठवड्यांत रोजची गोळी सुरू झाली, तर असे मूल बहुधा चारचौघांसारखेच वाढते, शिकते.

याच बागबाजारात १८९८ साली भगिनी निवेदितांनी मुलींची शाळा काढली. त्याच गल्लीबोळांतून हा एवढा निरोप घरोघर पोहोचविण्याचे काम आपल्या भगिनींनी हाती घ्यावे, अशी माझी नम्र विनंती आहे.